लेहमध्ये टोमॅटो: सगळं अडतं ते फुलाशी

रोपं उगवतात, कमरेएवढी होतात, पिवळी फुलंही लागतात. आणि मग ती फुलं देठाच्या गाठीपाशी सुटून टपाटप गळतात. ३५०० मीटरवर टोमॅटो लावणाऱ्याचे जून-जुलै यातच जातात, आणि ज्याला विचारावं तो एकच सांगतो, 'खत कमी पडतंय.' मीही शेणखत वाढवून पाहिलं. झाड माजलं, पाला गर्द झाला, फुलं गळायची ती गळतच राहिली. खतातल्या नत्राने (नायट्रोजनने) पाला वाढतो, फळ धरत नाही.

खरी अडचण रात्रीची. रात्रीचं तापमान १३ अंशांच्या खाली गेलं की परागकण नीट तयार होत नाहीत, आणि लेहमध्ये जूनमध्ये पारा ७-८ अंशांवर येतो. म्हणून प्लास्टिकचा आडोसा करायचा, तर दुसरंच संकट. इथलं ऊन इतकं कडक की बंद शीटखाली दुपारी ३५ अंश सहज होतात, आणि तेवढ्या उष्णतेतही पराग मरतो. म्हणजे रात्री गारठून आणि दुपारी भाजून, दोन्हीकडून मार! हे कळायला किमान-कमाल दाखवणारा तापमापक लागतो. तो झाडाच्या उंचीवर, सावलीत टांगा. सगळ्यात आधी घ्यायची वस्तू हीच, मी सगळ्यात शेवटी घेतली.

उपाय असा. सकाळी नऊच्या सुमारास शीटची दोन्ही तोंडं उघडायची, चारला बंद करायची. उत्तरेच्या बाजूला २० लिटरचे जेरीकॅन काळा रंग देऊन, पाण्याने भरून ओळीने ठेवायचे. दिवसा तापलेला असा एक कॅन रात्रीत १० अंशांनी निवला तर जवळजवळ पाव युनिट विजेएवढी उष्णता सोडतो. सहा-सात कॅन झाले की छोट्या शेडमध्ये फरक जाणवतो. सूर्य मावळायच्या आत शीटवर जुनी रजई किंवा जाड गोणपाट टाका. अंधार पडल्यावर टाकून उपयोग नाही, ऊब निघून गेलेली असते.

एवढं करूनही फळ धरेना, तर आत वारा नाही हे लक्षात घ्या. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, पण पराग सुटायला हादरा लागतो. अकरा ते एकच्या दरम्यान, पराग कोरडा असताना, बॅटरीवरच्या टूथब्रशची पाठ घोसाच्या देठाला दोन-तीन सेकंद टेकवा. एक दिवसाआड पुरतं. फूल गळायच्या ऐवजी सुकून चिकटून राहिलं आणि मागे हिरवा मणी दिसला, की जमलं.

बाकीचं सोपं आहे. बी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घरात पेरा. २४-२५ अंशांत आठवडाभरात उगवतं, ट्रे बुखारीजवळच्या (घर तापवायच्या शेगडीजवळच्या) फळीवर ठेवा, बुखारीला टेकवून नको. लावणीआधी आठ-दहा दिवस रोपं रोज थोडा-थोडा वेळ बाहेर ठेवून कणखर करा. लावताना खालची पानं काढून खोड खोल पुरा, पुरलेल्या भागाला मुळं फुटतात. पानांची खालची बाजू जांभळी झाली तर माती थंड आहे. स्फुरद (फॉस्फरस) मातीत असतं, मुळांना ते उचलता येत नाही. वाफ्यावर काळं प्लास्टिक अंथरलं की फरक पडतो.

बियाण्याचं आधीच सांगायला हवं होतं. पुण्याहून आणलेलं उशिरा येणारं संकरित वाण इथे सप्टेंबरच्या गारठ्यात सापडतं. 'स्टुपिस'सारखं लवकर येणारं किंवा चेरी टोमॅटो घ्या. उंच वाढणाऱ्या जातीच्या बगलफुटी, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातले फुटवे, काढत राहा, बुटक्या जातीच्या काढू नका. ऑगस्टच्या सुरुवातीला शेंडा खुडा, त्यानंतरच्या फुलांना पिकायला वेळच उरत नाही.

पारा शून्याकडे निघाला की पूर्ण वाढलेले, तकाकी आलेले हिरवे टोमॅटो सगळे उतरवा. पुठ्ठ्याच्या खोक्यात एका पिकल्या सफरचंदासोबत १८-२० अंशांत ठेवले की लाल होतात. फ्रीजमध्ये मात्र नको, १० अंशांखाली रंग चढत नाही. जे लहान, निबर राहिले, त्यांची दाण्याचं कूट घालून चटणी करावी.