बर्लिनचा बाजार आणि मुळ्याचा पाला

आईचा फोन आला की दुसरा प्रश्न ठरलेला: "आज भाजी काय केलीस?" पहिल्या वर्षी माझं उत्तर भेंडी, दुधी नाहीतर तोंडली असायचं आणि तिला बरं वाटायचं. लांबून आलेल्या त्या भाज्या इथल्या भारतीय दुकानात काय दराने मिळतात, हे मात्र मी तिला सांगत नसे. महिनाअखेरीला पावत्या जुळवताना पोटात गोळा यायचा.

त्यात महागाई आली. जर्मनीत खाण्याच्या वस्तू २०२२ मध्ये सरासरी १३.४ टक्क्यांनी महागल्या आणि २०२३ मध्ये त्यावर आणखी १२.४ टक्क्यांनी. घाबरून आम्ही स्वस्ताईच्या मागे लागलो. टोस्टचा पांढरा ब्रेड, पास्ता, गोठवलेला पिझ्झा. खर्च उतरला, पण तीन महिन्यांत नवऱ्याची ॲसिडिटी वाढली आणि ताटातली हिरवी भाजी जवळजवळ नाहीशी झाली. असली बचत मला नको होती.

उत्तर सापडलं ते मायबाखउफरच्या बाजारात. नॉयकोल्न भागात कालव्याच्या काठी मंगळवारी आणि शुक्रवारी हा बाजार भरतो. विक्रेते बरेचसे तुर्की, आरडाओरडा थेट आपल्या मंडईसारखा. संध्याकाळी आवराआवर सुरू झाली की भाव पडतात, टोपलीभर टोमॅटो किंवा ढोबळी मिरची एका युरोत देऊन टाकतात. एकदा मी लाल मुळ्याची जुडी घेतली तर विक्रेत्याने विचारलं, "पाला काढून टाकू?" मी जवळजवळ ओरडलेच, "नको!" त्याच्या गाड्यामागे खोक्यात पाल्याचा ढीग पडला होता. नवलकोलाला इथे कोलराबी म्हणतात आणि त्याचीही पानं लोक तिथेच तोडून टाकतात. मी मागितली तर त्याने पिशवी भरून दिली, पैसे घेतले नाहीत. त्या रात्री मुळ्याचा पाला, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि लसणाची फोडणी. कितीतरी दिवसांनी घरात भाजीचा वास आला!

तेव्हा कळलं की आपला स्वयंपाक म्हणजे आपल्या भाज्या नव्हेत. फोडणी आपली, भाजी इथली. हिवाळ्यात ग्र्यूनकोल नावाची कुरळ्या पानांची भाजी येते. गोठवणारी थंडी पडली की ती गोडसर होते. बारीक चिरून, पीठ पेरून फार छान लागते. मांगोल्डच्या पानांची दाणे-डाळ घालून पातळभाजी करते. अळूची सर नाही, पण चिंचगुळाने बरीच जवळ जाते. होक्काइडो भोपळ्याची साल मऊ शिजते, त्यामुळे सोलायचंही काम नाही. कोबी, गाजर, बीट तर वर्षभर.

डाळी मी तुर्की दुकानातून घेते. मसूर, काबुली चणे, दलिया मोठ्या पिशव्यांत मिळतात. कोथिंबिरीची जुडी हातात मावत नाही एवढी. सुपरमार्केटात साधारण तेवढ्याच पैशांत चार काड्यांचं प्लॅस्टिकचं पाकीट मिळतं. जर्मनीतली एक सोय मला फार आवडते: फळीवरच्या चिठ्ठीवर पाकिटाच्या किमतीखाली लहान अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा दर छापलेला असतो. मी आता फक्त तोच वाचते. 'मोठा पॅक' दर वेळी स्वस्त असतो असं नाही, हे त्यातूनच समजलं.

दुसरं वाचायला शिकले ते तारखा. 'मिंडेस्टन्स हाल्टबार बिस' म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा टिकेल. नंतर दही वास घेऊन, चाखून बघावं, चांगलं असेल तर खुशाल खावं. 'त्सू फेरब्राउखेन बिस' मात्र खिमा, ताजी मासळी अशा वस्तूंवर असतं आणि ती तारीख काटेकोर पाळायची. पहिल्या प्रकारातल्या, तारीख जवळ आल्याने भाव उतरवलेल्या वस्तू मी शनिवारी संध्याकाळी शोधते. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे आठवड्याचा बेत तेव्हाच ठरतो.

आणि क्वार्क! आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ. कमी स्निग्धांशाच्या क्वार्कमध्ये १०० ग्रॅमला साधारण १२ ग्रॅम प्रथिनं असतात आणि अर्ध्या किलोचा डबा इथल्या स्वस्त गोष्टींपैकी एक. सणाला साय मिसळून त्याचं श्रीखंड होतं. एरवी बर्लिनच्या आसपासचं एक जुनं, गरिबाघरचं जेवण आम्ही उचललंय: सालासकट उकडलेले बटाटे, क्वार्क आणि वरून जवसाचं कच्चं तेल. आमच्याकडे त्यावर जवसाची चटणीही पडते. शेजारच्या आजींना ती दिली तर त्यांनी डबी परत करताना आणखी मागितली.

पाणी नळाचंच पितो. इथे ते निर्धास्त पिता येतं, तरी लोक बाटल्यांचे क्रेट वाहून नेतात.

काटकसर करत नाही ती तांदळात, शेंगदाण्यांत आणि मुलीच्या फळांत. भेंडीही पूर्ण सुटलेली नाही. मुलीच्या वाढदिवसाला पाव किलो आणते, काचऱ्या करते. परवा आईने विचारलं, "आज काय?" म्हटलं, "नवलकोलाच्या पाल्याची भाजी." ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "अगं, ती तर तुझी आजी करायची."