ऑब्सिडियन ट्रॅक: भाजलेल्या तुकड्यावरही तेवढेच खड्डे!

ऑब्सिडियनच्या (काळ्या ज्वालामुखी काचेच्या) ‘अ’ तुकड्यावर आम्लाने कोरल्यावर खड्डे दिसले; ते फिशन ट्रॅक, म्हणजे युरेनियमचे अणू फुटताना काचेत उमटलेले सूक्ष्म माग, असं समजून तुम्ही अभिनंदन केलंत. ती अभिनंदनं तूर्त परत घ्या. त्याच दगडाचा दुसरा अर्धा, ‘ब’, मफल भट्टीत ५०० अंशांवर चार तास भाजून मग एच केला, म्हणजे आम्लाने कोरला. एवढ्या आचेत फिशन ट्रॅक पुसलेच जातात. तरी ‘ब’वर खड्डे जवळपास ‘अ’इतकेच!

हिशेबही हेच सांगतो. युरेनियम ५ पीपीएम आणि वय दहा लाख वर्षं धरलं, तर चौरस मिलिमीटरला दहा-बारा ट्रॅक, म्हणजे मायक्रोस्कोपच्या ४० एक्स भिंगाखाली एका फील्डमध्ये (एका वेळी दिसणाऱ्या वर्तुळात) जेमतेम दोन. दिसतात पंधरा-वीस. बाकी सगळे बुडबुडे नाहीतर मायक्रोलाइट, म्हणजे काचेतले सूक्ष्म स्फटिक.

खरी गोची तापमानाची. काचेत ट्रॅकच्या रेषेत आम्ल थोडंच जास्त वेगाने शिरतं, त्यामुळे खड्ड्याचा शंकू मुळातच पसरट होतो. एचिंग लांबलं की त्याचं टोक गोल होतं आणि तो फुटलेल्या बुडबुड्यासारखा दिसतो. उकाड्यात आम्ल जास्त झपाट्याने खातं; नागपूरच्या मे महिन्यात २५ अंशांसाठी ठरलेलं एचिंगचं वेळापत्रक कुठून चालणार! आता ४८ टक्के एचएफची (हायड्रोफ्लोरिक आम्लाची) पॉलिप्रॉपिलीन बाटली आणि तुकडा, दोन्ही आधी अर्धा तास २५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये, शेजारी बर्फ. मग ३० सेकंद, धुणं, फोटो, पुन्हा ३०. (हे कॉलेजच्या फ्यूम हूडखालीच, एचएफने भाजल्यास लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवून. घरी अजिबात नाही.)

पॉलिश मात्र झकास जमलंय: इतवारी बाजारातले ८०० आणि २००० नंबरचे पॉलिश पेपर, शेवटी काचवाल्यांचं सेरियम ऑक्साइड. एकही ओरखडा नाही. दख्खनचा बेसाल्ट युरेनियमच्या बाबतीत कंजूष, म्हणून दगड बाहेरूनच आणावा लागतो. पण ‘हीलिंग स्टोन’वाल्यांचे मणी घेऊ नका, त्यात साधी काळी काचही खपवतात.

पुढे ‘ब’चे खड्डे ‘अ’मधून वजा करायचे ठरत होतं. पण लिहितानाच यापेक्षा सोपं सुचलं: एच न केलेला ट्रॅक साध्या मायक्रोस्कोपला दिसतच नाही. म्हणजे एचिंगआधी जे दिसतं, ते ट्रॅक नव्हे! तेव्हा वजाबाकी रद्द. ‘अ’ नव्याने घासायचा, कोपऱ्यात हिऱ्याच्या पेनाने खूण करायची, पृष्ठभागापासून १० मायक्रॉन खोलीपर्यंत फोकस उतरवत फील्डवार फोटो काढायचे आणि एचिंगनंतरचे त्यांवर ठेवून पाहायचे. मायक्रोलाइट पकडायला दगडाची पातळ कपची क्रॉस केलेल्या दोन पोलरायझर फिल्ममध्ये धरा: काच काळी राहते, स्फटिक चमकतात. फिल्म जुन्या कॅलक्युलेटरच्या डिस्प्लेतून निघते. कपचीत फार चमचम दिसली तर तो दगड बादच करायचा, आम्ल वाचेल.