११४ किलोवॉटचा घोळ

जुनी मारुती ८०० इलेक्ट्रिक करायला घेतली आणि मोटर विकणाऱ्यांनी फॉर्म पाठवला. त्यात एक रकाना होता: 'ताशी ६० किमीला घर्षणावर मात करण्यासाठी लागणारी पॉवर'. त्या एका रकान्यापायी माझे तीन आठवडे गेले. फॉर्म दोनदा परत आला, शेरा तोच: 'आकडा तपासा'. नक्की काय तपासू, हे फोन करूनही कोणी सांगेना. अजून आठवलं की चीड येते.

सूत्र सोपं, बल गुणिले वेग. बॅटरी आणि माणसं धरून वजन १००० किलो, म्हणजे ९८१० न्यूटन. पुस्तकात रबर आणि डांबराचा घर्षण गुणांक ०.७ सापडला, तो लावला, म्हणजे वजनाला त्याने गुणून बल काढलं. ६० चा वेग म्हणजे सेकंदाला १६.६७ मीटर. उत्तर आलं ११४ किलोवॉट! याच गाडीचं पेट्रोल इंजिन ३७ अश्वशक्तीचं, जेमतेम २८ किलोवॉट, आणि त्यावर ती ६० ने आरामात पळायची. तरी मी गुणाकारच पुन्हा पुन्हा तपासत बसलो.

चूक गुणांकात होती. ०.७ हा चाकं जाम होऊन टायर फरफटतो तेव्हाचा. फिरणारं चाक घासत नाही, त्याचा टेकलेला भाग त्या क्षणी रस्त्यावर स्थिर असतो. ऊर्जा खर्च होते ती रबर दबून पुन्हा पूर्ववत होण्यात. हा रोलिंग रेझिस्टन्स, आणि त्याचा गुणांक ०.०१ ते ०.०१५ च्या आसपास.

इंजिन अजून उतरवलं नव्हतं, म्हणून मी तो मोजलाच. पहाटे मोकळा सपाट रस्ता, शेजारी भाऊ स्टॉपवॉच घेऊन. ४० ला न्यूट्रल केली. ३० वर यायला सरासरी १५ सेकंद. जाताना आणि येतानाही मोजा, कारण डोळ्यांना न दिसणारा उतारही आकडा बिघडवतो. दोघांसह ७८० किलो, त्याला वेग घटण्याच्या दराने गुणलं की बल सुमारे १४५ न्यूटन. त्यातून समोरच्या हवेच्या विरोधाचे ३९ वजा करून, उरलेल्याला वजनाने भागून गुणांक आला ०.०१४. तो आकडा वहीत लिहिताना फार बरं वाटलं. आणि हो, मोजण्याआधी टायरची हवा भरून घ्या; हवा कमी असली तर गुणांक वाढतो.

मग १००० किलोला, ६० च्या वेगाला टायरचे १३७ आणि हवेचे ढोबळमानाने ११३, मिळून २५० न्यूटन, म्हणजे ४.२ किलोवॉट. मोटर आणि गिअरबॉक्समधली घट धरून बॅटरीतून ५. फॉर्म त्याच दिवशी मंजूर.

चढ मात्र वेगळा धरा. २० मीटरला १ मीटर चढ असेल तर ४९० न्यूटन वाढतात, ४० च्या वेगालाही साडेपाच किलोवॉट जास्तीचे. मी मोटर त्या हिशोबाने घेतली.