काळी स्क्रीनच पाहिजे!

होम थिएटर बसवायच्या धंद्यात एक गोष्ट मला आता पाठ झालीय. गिऱ्हाईक स्पीकरवर महिनाभर डोकं खपवतं, प्रोजेक्टरचे रिव्ह्यू तोंडपाठ करतं, आणि स्क्रीनचा रंग मात्र कुठेतरी एक डेमो बघून अर्ध्या मिनिटात ठरवून मोकळं होतं. हे साहेब त्यातलेच. फोनवर पहिलंच वाक्य, "बाकी तुम्ही काय ते बघा, स्क्रीन काळीच पाहिजे." का, तर डेमोला सगळे दिवे चालू होते तरी काळ्या स्क्रीनवर चित्र झकास दिसत होतं आणि शेजारच्या पांढरीवर सगळं धुतल्यासारखं.

आता यात त्यांचं काही चुकीचं नव्हतं, दिसतं तसंच. मी फक्त एवढंच विचारलं की डेमोचा प्रोजेक्टर होता कुठे? तर म्हणे खाली, टेबलावर, भिंतीला जवळजवळ चिकटून. आणि तुमचा? तो छताला टांगलेला, सोफ्याच्या मागे. गोम इथेच होती.

घरी गेलो तर साहेबांनी त्या काळ्या स्क्रीनचा वहीएवढा तुकडा आणूनच ठेवला होता. वाद घालत बसलो नाही, तुकडा भिंतीला चिकटवला आणि म्हटलं यावरून वरून खाली नख फिरवून बघा. खरखर लागली. त्यावर आडव्या बारीक बारीक पायऱ्या असतात, करवतीच्या दातांसारख्या, दाताची खालची बाजू उजळ आणि वरची काळी. मग खोलीत अंधार केला, मोबाईलची टॉर्च तुकड्याच्या खालून भिंतीलगत धरली, तुकडा लख्ख उजळला. तीच टॉर्च वर नेली आणि तुकडा विझल्यासारखा झाला, शेजारची भिंत मात्र चकचकीत. साहेबांनी टॉर्च माझ्या हातातून घेतली आणि स्वतः खालीवर करत बसले. ही स्क्रीन छताकडून येणारा उजेड गिळायलाच बनवलेली असते, म्हणून तर डेमोला दिवे चालू असून चित्र टिकलं, आणि तुमचा प्रोजेक्टर छतावर आहे म्हणजे ती दिव्यांबरोबर त्यालाही गिळणार.

"मग पांढरीच लावायची का?" आवाजात नाराजी स्पष्ट.

म्हटलं थांबा, आधी काळा रंग कुठून येतो ते बघू. प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही हो, तो फक्त उजेड टाकतो, जिथे काळं दाखवायचं तिथे उजेड जमेल तेवढा अडवतो. म्हणजे प्रोजेक्टर बंद असताना खोलीतल्या उजेडात स्क्रीन जशी दिसते त्यापेक्षा काळं तुम्हाला पिक्चरमध्ये कधीच दिसणार नाही. संध्याकाळी पॅसेजमधला दिवा चालू ठेवून पांढऱ्या भिंतीकडे बघायला लावलं. "हा तुमचा काळा," म्हटलं. वहिनी हसल्या.

त्यांच्या हॉलचा खरा शत्रू पॅसेजचा दिवा नव्हताच, छत होतं. पांढरंशुभ्र. अशा खोलीत पडदे लावून कितीही अंधार करा, स्क्रीनवर उजळ सीन आला की तोच उजेड छतावर जातो आणि तिथून परत स्क्रीनवर, मग त्याच फ्रेममधला काळा कोट राखाडी दिसतो. ग्रे स्क्रीनचा फायदा नेमका इथे होतो. ती आधीच कमी उजेड परत पाठवते, तो छतावरून फिरून आला की त्यातलाही थोडा खाते, म्हणजे पिक्चरच्या उजेडाला कात्री एकदा लागते आणि या भटक्या उजेडाला दोनदा. मात्र भिंती-छत सगळं काळं केलेली खोली असेल तर ग्रे घेऊन काही मिळत नाही, काळा जेवढा खाली जातो तेवढाच पांढराही जातो, कॉन्ट्रास्ट तिथल्या तिथे. तिथे सरळ मॅट पांढरी लावावी. काळ्या रंगाला तयार आहात का विचारलं तर वहिनींनी इतकं ठाम "नाही हं दादा" म्हटलं की तो विषय तिथेच संपला.

मग हिशोब. 120 इंची स्क्रीन म्हणजे साधारण 43 चौरस फूट. प्रोजेक्टरच्या खोक्यावर 3000 लुमेन (तो एकूण किती उजेड टाकतो त्याचं माप) लिहिलेलं पण रंग बरोबर दिसतात त्या सिनेमा मोडमध्ये मोजले तर 1700 च्या आसपास भरले (खोक्यावरचा आकडा बहुतेक त्या हिरवट ब्राइट मोडचा असतो, त्यात पिक्चर कोणी बघत नाही). 1700 भागिले 43, झाले जवळपास 40 फूट-लॅम्बर्ट, म्हणजे स्क्रीन डोळ्याला किती उजळ दिसते त्याचं माप, गेन 1 असलेल्या पांढरीवर (गेन म्हणजे साध्या मॅट पांढरीच्या तुलनेत स्क्रीन किती उजेड समोर परत पाठवते ते). गेन 0.8 ची ग्रे घेतली तर 32. थिएटरमध्ये 14 धरतात. दिव्याचं जे आयुष्य कंपनी सांगते ते उजेड निम्मा होईपर्यंतचं असतं, म्हणजे दिवा म्हातारा झाला तरी ग्रेवर 16 उरतात. परवडतंय.

साहेब अजून हटले नव्हते. छतावरच्या प्रोजेक्टरला चालणारी, बाजूचा उजेड मारणारी गडद चंदेरी स्क्रीन पण असते ना? असते, सॅम्पल माझ्या बॅगेत होतंच. तिन्ही तुकडे लावले, पांढरा, ग्रे, चंदेरी, आणि रात्रीचा सीन चालू केला. सोफ्याच्या मधोमध बसून चंदेरी भारीच दिसत होता, मला पण. तेवढ्यात बाजूच्या खुर्चीतून आजी म्हणाल्या, "अरे, तो तिसरा बंद पडलाय का?" कोणी हसेना कारण त्यांना खरंच तसं दिसत होतं. अशी स्क्रीन उजेड समोर एकवटते, बाजूला सरकलं की चित्र मंद होत जातं, आणि आजींची खुर्ची तिथून हलणार नव्हती. साहेब उठून त्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले, डोकं इकडून तिकडे हलवून बघितलं आणि चंदेरी तुकडा स्वतःच्या हाताने काढून ठेवला.

राहिले पांढरा आणि ग्रे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले की ग्रे मळकटच वाटतो, त्यावरून निकाल देणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. म्हणून एका वेळी एकच ठेवला, भोवतीची भिंत काळ्या कापडाने झाकली आणि पाचेक मिनिटं नुसतं बघायला लावलं. डोळे सरावले की ग्रेवरचा बर्फ पांढराच दिसतो. आणि कापडाचं दुसरंही कारण आहे, भिंत उघडी ठेवली तर खोली उजळवते ती पांढरी भिंत आणि बदनाम होतो बिचारा ग्रे तुकडा. साहेब मध्येच फोटो काढून मुलाला पाठवायला लागले, तेवढं मी थांबवलं. कॅमेरा उजेड आपल्या मनाने कमीजास्त करतो, फोटोत जे दिसतं ते कॅमेऱ्याचं मत असतं.

ठरलं, 0.8 ची मॅट ग्रे, भोवती काळ्या मखमलीची रुंद पट्टी. वहिनींनी स्क्रीनसमोरच्या छताच्या पट्ट्याला गडद निळा चालेल असं आपणहून सांगितलं, आणि खरं सांगायचं तर कुठल्याही स्क्रीनपेक्षा त्या पट्ट्याने जास्त काम केलं. फिटिंगनंतर पांढऱ्यात निळसर झाक येत होती, काही ग्रे कापडांत ती असतेच, ती रंग मोजायचा मीटर लावून प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये काढली, अर्धा तास गेला. साहेब शेजारी उभे होते, पट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, "म्हणजे काळं आलंच शेवटी."