विंचेस्टर ६७ : गन शोमध्ये जुनी .२२ पारखून घेताना

टेक्सासच्या गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनात, टेबलावरच्या बंदुकांना प्लास्टिकचा पट्टा बांधलेला असतो. विंचेस्टर मॉडेल ६७ दिसली तेव्हा मी टेबलवाल्याला आधी तो पट्टा कापून बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) काढून दाखवायला सांगितलं. एका वेळी एकच काडतूस भरायची, २७ इंची नळीची ही .२२ (०.२२ इंच कॅलिबरची) रायफल १९३४ ते १९६३ दरम्यान बनली. दस्त्याच्या चकाकीवर जाऊ नका, जुन्या .२२ ची तब्येत चेंबरच्या (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या) तोंडाशी कळते.

.२२ च्या रिमफायर काडतुसाची दारू पेटवणारं मिश्रण बुडाच्या कडेत असतं, म्हणून फायरिंग पिन कडेवर आदळते. रिकाम्या बंदुकीचा चाप वर्षानुवर्षं ओढला गेला, तर पिन थेट चेंबरच्या काठावर बसून खळगा पडू शकतो. तिथलं पोलाद आत सरकतं आणि काडतूस अडकतं. नखाने काठ चाचपला की कळतं. मग टॉर्च लावून नळीत पाहिलं. मध्येच काळं कडं दिसलं तर नळी फुगलेली समजावी. त्याच जागी बाहेरून बोट फिरवून खात्री करावी. अशी रायफल कितीही स्वस्त असली तरी नको. चेंबरच्या पुढच्या भागात झिजेचं कडं असेल, तर तिच्यातून .२२ शॉर्ट ही आखूड काडतुसं खूप उडवलेली असतात आणि .२२ लाँग रायफल या लांब काडतुसाची पुंगळी तिथे चिकटते.

या मॉडेलचा बोल्ट बंद केला तरी घोडा चढत नाही, मागचा खुंट हाताने ओढावा लागतो. हा बिघाड नव्हे. खुंट चढवून (रायफल रिकामी असल्याची खात्री करूनच) बोल्ट हलवून पाहिला. झटक्याने घोडा सुटला असता तर सौदा तिथेच थांबवला असता. २२५ डॉलर सांगितले होते, १८० ला ठरलं.

परवानाधारक विक्रेत्याकडे ४४७३ हा बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म भरावा लागतो. बहुतेक मॉडेल ६७ वर सिरियल नंबर नसतो. १९६८ च्या कायद्याआधी तो सगळ्या रायफलींवर सक्तीचा नव्हता. त्या रकान्यात तसंच लिहितात. खरी अडचण ड्रायव्हिंग लायसन्सवरच्या पत्त्याची: तो सध्याचा नसेल तर नवा पत्ता असलेला दुसरा सरकारी कागद लागतो. आपल्याकडच्या मंडळींनी हेही लक्षात ठेवावं : ग्रीन कार्डवर खरेदी करता येते, एच-१बी वर मात्र, वैध शिकार परवान्यासारखा अपवाद नसेल तर, सहसा मनाई आहे. खरेदीदाराच्या पार्श्वभूमीच्या सरकारी तपासणीचं उत्तर ‘डिलेड’ (अजून निर्णय नाही) आलं तर विक्रेत्याला कामकाजाचे तीन दिवस थांबावं लागतं. शनिवार-रविवारच्या शोमध्ये याचा अर्थ नंतर त्याच्या दुकानात फेरी.

घरी आल्यावर बोल्टमधलं चिकट झालेलं जुनं तेल रॉकेलने धुतलं. त्यानेच पिन मंदावते आणि बार फुसका जातो. नळी साफ करायचा गज मागूनच घालावा, पुढून घातला तर नळीचं तोंड झिजतं. पहिल्या दिवशी ४० ग्रेन वजनाच्या गोळीची स्टँडर्ड व्हेलॉसिटी (साध्या वेगाची) काडतुसं वापरली, जास्त वेगाची हाय व्हेलॉसिटी नाही. दहा बारांनंतर पुंगळ्यांच्या कडा तपासल्या : पिनेची खूण दहाही ठिकाणी सारखी खोल, कड कुठेही फाटलेली नाही.