तो तर चालत आला!

राज्य पातळीवरच्या पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धा असल्या की गोळाफेकीच्या वर्तुळापाशी मी पंचांच्या हाताखाली असते. खेळाडूची फेकण्याची खुर्ची पट्ट्यांनी जमिनीला आवळून बांधायची, गादीसकट तिची उंची ७५ सेंटिमीटरच्या वर जात नाही ना ते मोजायचं, फेकताना ती हलली तर हात वर करायचा. कडेने बघणारे लोक हमखास एक प्रश्न विचारतात. परवा लग्नात जेवणाच्या पंगतीत तुम्हीही तोच विचारलात: "अहो, तो तर चालत आला की! मग खुर्चीत बसून का फेकतो? आणि हे अपंगांच्या स्पर्धेत चालतं कसं?" पंगतीत सांगायला वेळ नव्हता. तुम्ही विचारलंत म्हणून आता लिहिते.

होकातो होतोझे सेमा हे नाव पॅरिसच्या २०२४च्या पॅरालिंपिकमध्ये तुम्ही ऐकलं असेल. नागालँडचा हा जवान. २००२ मध्ये काश्मीरमध्ये सुरुंगस्फोटात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय लावून तो चालतो, आणि गोळा मात्र बसून फेकतो. त्याचा गट एफ ५७ (एफ म्हणजे फील्ड, मैदानावरचे फेकीसारखे प्रकार; आकडा अपंगत्वाचा गट सांगतो). पॅरिसला १४.६५ मीटर फेकून त्याने कांस्य मिळवलं. आता बसून का? गोळाफेकीतला बराचसा जोर पायांतून येतो: जमिनीला रेटा द्यायचा, कंबर फिरवायची, मग खांदा. बसवलं की पायाचा तो वाटा बराच कमी होतो. मग ज्याला पाय नाही तो, ज्याच्या पायांत पोलिओमुळे ताकद नाही तो, असे सगळे धड आणि हात यांच्या जोरावर एका पातळीवर लढतात. म्हणून ढुंगण खुर्चीवरून उचललं की फाउल. मी तिथे बसून नेमकं तेवढंच बघते. गोळा कुठे पडला ते मला बहुतेक वेळा दुसऱ्यांकडून कळतं.

उलट टोकाला एफ ५१. या गटातल्या खेळाडूंना बोटांची पकडही नीट नसते, धडावरचा ताबाही नसतो. ते लाकडी क्लब फेकतात. तो पाहायला मुद्गलाच्या धाकट्या भावासारखा. पॅरिसमध्ये धरमबीरने ३४.९२ मीटर फेकून सुवर्ण घेतलं आणि प्रणव सूरमाने रौप्य. एफ ५७ आणि एफ ५१ दोघेही खुर्चीतच बसतात. पण यांना एका यादीत टाकलं तर निकाल आधीच लिहून ठेवता येईल.

तेव्हा गट पाडताना बघतात ते त्या खेळात शरीर काय करू शकतं हे. माणूस दिसायला कसा आहे, याला तिथे काही किंमत नाही. सांगली जिल्ह्यातल्या करगणीचा सचिन खिलारी घ्या. शाळेत असताना सायकलवरून पडला, पुढे जखम चिघळली, डावा हात पूर्ववत झालाच नाही. हात जागेवर आहे, म्हणून "याला काय झालंय?" म्हणणारे भेटतातच. पॅरिसला एफ ४६ मध्ये, म्हणजे हाताच्या अपंगत्वाच्या, उभं राहून फेकायच्या गटात, त्याने गोळा १६.३२ मीटर फेकला आणि कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टपुढे ६ सेंटिमीटरने सुवर्ण हुकलं. दीप्ती जीवनजी धावताना पाहिलीत तर काहीच वेगळं दिसणार नाही, कारण तिचा टी २० (टी म्हणजे ट्रॅक, धावण्याचे प्रकार) हा बौद्धिक अपंगत्वाचा गट. ४०० मीटरचं कांस्य तिचं.

"मग खोटं सांगून कुणीही घुसेल की!" हा तुमचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. घुसलेही आहेत. २००० साली सिडनीत बौद्धिक अपंगत्वाच्या गटातल्या बास्केटबॉलमध्ये स्पेनच्या संघाने सुवर्ण जिंकलं आणि नंतर उघड झालं, १२ पैकी १० जणांना तसलं काहीच नव्हतं. पदक गेलं. पण खरी शिक्षा झाली ती दुसऱ्यांनाच: तो अख्खा गट पॅरालिंपिकमधून बाहेर, थेट २०१२च्या लंडनपर्यंत.

आता तपासणी कडक असते. एक वैद्यकीय बाजूचा आणि एक खेळाच्या तंत्राचा जाणकार असं पथक स्नायूंची ताकद, सांधे किती वळतात, तोल, हे सगळं तपासतं. मग प्रत्यक्ष फेकायला लावतात आणि पहिल्या स्पर्धेतही नजर ठेवतात. टोकियोत विनोद कुमारने थाळीफेकीत एफ ५२ गटात कांस्य मिळवलं होतं. पुन्हा तपासणी झाली, पथकाला तो त्या गटात बसवता येईना, आणि पदक गेलं. इथे सरकारी यूडीआयडी कार्डावरचे, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रावरचे, टक्के दाखवून भागत नाही. ४० टक्क्यांच्या दाखल्यावर सवलती मिळतात, गट मिळत नाही. आमच्याकडे कार्ड फडकवत भांडणारे पालक दरवर्षी येतात. त्यांचं चुकतंय असंही म्हणवत नाही, कारण त्यांना हे कुणी समजावूनच सांगितलेलं नसतं.

मला विचाराल तर खरा अन्याय चालत येणाऱ्यात नाही. तो कार्यक्रमपत्रिकेत आहे. मानसी जोशी २०१९ मध्ये बासेलला बॅडमिंटनची विश्वविजेती झाली, गट एसएल ३, म्हणजे पायाच्या अपंगत्वासह उभं राहून खेळणाऱ्यांचा, जिथे एकेरीत अर्ध्या कोर्टावर खेळतात. पॅरालिंपिकमध्ये बॅडमिंटन पहिल्यांदा आलं ते टोकियोत, आणि तिथे महिलांच्या एसएल ३ एकेरीची स्पर्धाच ठेवलेली नव्हती. विश्वविजेती घरी. ती पॅरिसला आली.

आपल्या मैदानांवर हेच जरा स्वस्तात घडतं. एखाद्या गटात दोनच नावं आली की शेजारच्या गटात ढकलतात, आणि ज्याला धडावर ताबा नाही तो ताबा असलेल्यांबरोबर फेकतो. शेवटचा येतो, आणि पुढच्या वर्षी येत नाही. त्यामुळे पुढच्या वर्षीही त्या गटात दोनच नावं येतात.