ट्रेनिंग झालं, सॅम्पल तरीही रिजेक्ट

ट्रेनिंगनंतर भरून घेतलेले फीडबॅक फॉर्म मी हल्ली खालून वर वाचते. शेवटी 'इतर सूचना' असा रकाना असतो, तिथे माणसं खरं बोलतात. 'एसी कमी करा.' 'चहा दोनदा द्यावा.' 'रविवारी ठेवू नये, मेगाब्लॉक असतो.' वरचे गोल मात्र सगळे ५ वर. विषय समजला का? ५. कामात उपयोग होईल का? ५. पेन न उचलता भरलेले असतात ते, कारण तोवर सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे आणि विरार फास्टकडे गेलेलं असतं. आणि याच गोलांची सरासरी काढून दर महिन्याला वर पाठवायची, असा शिरस्ता आहे.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ट्रेनिंग बघते. मुख्य लॅब अंधेरीत, कलेक्शन सेंटर्स दहिसरपासून कुलाब्यापर्यंत आणि तिकडे मुलुंडपर्यंत. शिवाय घरोघरी जाऊन रक्त घेणारी मुलंमुली वेगळी. साडेसहाला कुणीतरी काका उपाशीपोटी वाट बघत बसलेले असतात, म्हणजे यांना पहाटेचीच गाडी पकडावी लागते.

आमच्या धंद्यात एक बरं आहे. ट्रेनिंगचा उपयोग झाला की नाही, हे लपत नाही. सॅम्पल एकतर चालतं, नाहीतर रिजेक्ट होतं. तांबड्या पेशी फुटून सीरम (रक्तातला वर सुटणारा पाण्यासारखा भाग) लालसर आलं, जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू नये म्हणून रसायन घातलेल्या ट्यूबमध्ये गुठळी झाली, निळी ट्यूब रेघेपर्यंत भरली नाही, लेबल चुकलं. अशा प्रत्येक नोंदीमागे कुणाला तरी दुसऱ्यांदा सुई टोचून घ्यावी लागते. पावसाळ्यात तर विचारू नका. जांभळ्या ट्यूबमध्ये बारीक गुठळ्या झाल्या की मशीन प्लेटलेट्स आहेत त्यापेक्षा कमी मोजतं. डेंग्यूच्या दिवसांत असा रिपोर्ट चुकून हातात पडला तर घरचे थेट ॲडमिट करायच्या गोष्टी सुरू करतात.

ट्रेनिंगचं मोजमाप म्हटलं की अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांचं नाव निघतंच. त्यांनी १९५९ साली मांडलेल्या चार पायऱ्या या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ असतात: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर परतल्यावर त्यांची पद्धत बदलली का, आणि त्यातून संस्थेला फरक पडला का. पाठ सगळ्यांना, पण बहुतेक ठिकाणी गाडी पहिल्या पायरीवरच थांबते. फार तर दुसरीपर्यंत जाते, म्हणजे दहा मार्कांची टेस्ट. माझं म्हणणं एवढंच की सुरुवात चौथीपासून करावी. कुठला आकडा हलायला हवा आहे, तो हलवायला कुणी नेमकं काय वेगळं करायचं आहे, हे आधी ठरवावं, स्लाइड्स नंतर. हे आधी ठरलं नसेल तर नंतर मोजायला हातात काही उरतच नाही. मग 'एसी कमी करा' वाचत बसायचं.

आमच्या जुन्या मॉड्यूलच्या पहिल्या स्लाइडवर उद्दिष्ट होतं, 'रक्तसंकलनाचे महत्त्व समजून घेणे'. आता समजलं की नाही, हे ओळखायचं कसं? मान डोलावली तर समजलं म्हणायचं का? ट्रेनिंगची उद्दिष्टं कशी लिहावीत यावर पुस्तक लिहिणाऱ्या रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्येच सांगून ठेवलंय की उद्दिष्टात तीन गोष्टी हव्यात: माणूस काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि किती नीट. त्या मापाने आम्ही लिहिलं ते असं: घरच्या कलेक्शनला, मदतीला कुणी नसताना, जांभळी ट्यूब भरल्याभरल्या ८ ते १० वेळा हळुवार उलटसुलट करेल आणि पेशंटसमोरच लेबल लावेल. ऐकायला रुक्ष आहे खरं, पण हे डोळ्यांनी तपासता येतं.

(बाहेरून येणाऱ्या ट्रेनरबद्दल एक सांगते. मुंबईत आला की तो डबेवाल्यांची स्लाइड दाखवल्याशिवाय जात नाही. डबेवाल्यांबद्दल आदर आहेच. पण आमच्यातली निम्मी मुलं त्यांच्याच गाडीने प्रवास करतात, त्यांना ते नवीन नाही.)

तपासायला म्हणून मी एका मुलासोबत गिरगावातल्या एका चाळीत गेले होते. टेस्टमध्ये हा पठ्ठ्या पहिला. ट्यूबचा क्रम पाढ्यासारखा म्हणून दाखवायचा: निळी, पिवळी, हिरवी, जांभळी, करडी. तो क्रम का, हेही त्याला माहीत होतं. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए, म्हणजे ते रक्त गोठू न देणारं रसायन, पोटॅशियमचं असतं, त्याचा अंश पुढच्या ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं उतरतं. प्रत्यक्षात काय झालं? आजी खिडकीजवळच्या कॉटवर बसलेल्या, उजेड बेताचा, टेबल नाही. ट्यूब बॅगेच्या झाकणावर मांडलेल्या. शीर सापडली, क्रम बरोबर, सगळं व्यवस्थित. सुई काढली आणि एका हाताने कापूस दाबून धरला. दुसऱ्या हाताने चिकटपट्टी शोधतोय, तेवढ्यात खिशात फोन वाजायला लागला. पुढचा पेशंट, 'कुठे पोचलात?' जांभळी ट्यूब तशीच आडवी पडून. कापसावर पट्टी लागली, फोन झाला, मग त्याने ती उचलली आणि घाईघाईने जोरात हलवली. म्हणजे आधी गुठळी व्हायला वेळ दिला आणि मग पेशी फुटायची सोय केली.

त्याला पुन्हा तीच स्लाइड दाखवून काय होणार होतं? त्याला हात कमी पडत होते. आमच्या एका जुन्या सिस्टर हे काम कसं करतात ते बघितलं. त्या सुई काढतानाच म्हणतात, "आजी, हा कापूस तुम्ही दाबून धरा, हात दुमडू नका हं." झालं, दोन्ही हात मोकळे. आता आम्ही सराव खुर्ची-टेबलावर घेत नाही. कृत्रिम हात मांडीवर, टेबल काढून घेतलेलं, आणि मधेच कुणीतरी मुद्दाम फोन लावायचा. सुरुवातीला सगळे हसतात. तिसऱ्या वेळी फोन कापून हात ट्यूबकडे जातो. लगेच टेस्ट घेणंही थांबवलं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त विसरतं ते पहिल्या काही तासांत आणि दिवसांत. त्याच संध्याकाळच्या टेस्टचे मार्क हे त्या संध्याकाळपुरतेच. दीड महिन्याने कामावर जाऊन बघायचं, तेही यादीत पाचच गोष्टी ठेवून.

सगळ्या दुखण्यांवर ट्रेनिंग हा उतारा नसतो, हे मात्र वरच्यांना पटवणं अवघड. एका मार्गावरून येणारी सॅम्पल्स अचानक हिमोलाइज होऊन, म्हणजे पेशी फुटून, यायला लागली आणि दुसऱ्याच दिवशी मेल: सर्वांचं रिफ्रेशर (उजळणीचं ट्रेनिंग) घ्या. अशा वेळी मेगर आणि त्यांचे सहकारी पीटर पाइप यांचा एक प्रश्न मी विचारते. जिवावर बेतलं तर या माणसाला हे काम जमेल का? जमणार असेल तर ट्रेनिंगने काही साधणार नाही, अडचण दुसरीकडे आहे. त्या मार्गावरच्या मुली वर्षानुवर्षं उत्तम काम करणाऱ्या. मी पिकअपवाल्या दादांची पेटी उघडायला लावली. पेटी नवी कोरी, आतले जेलपॅक दगडासारखे गोठलेले आणि ट्यूब त्यांना थेट चिकटलेल्या. बर्फाचा असा स्पर्श झाला की पेशी फुटतात. मधे पुठ्ठा घातला, विषय संपला. रिफ्रेशर घेतलं असतं तर हजेरीपटावर सह्या झाल्या असत्या आणि पुठ्ठ्याचं श्रेय कदाचित ट्रेनिंगलाच मिळालं असतं.

श्रेयाचा हा घोळ मोठा आहे. नेहमीची रीत अशी की ज्या सेंटरचा महिना सगळ्यात वाईट गेला, त्यांना ट्रेनिंगला बोलवायचं. पुढच्या महिन्यात आकडा सुधारतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. पण फार वाईट महिन्यानंतरचा महिना बहुतेक वेळा तसाही बरा जातो. काही न करता. त्यात ऋतूंचा खेळ. जुलैपासून डेंग्यू-मलेरियाची गर्दी, नवी भरती, भिजत आलेली माणसं. सप्टेंबरात ट्रेनिंग घेऊन डिसेंबरात मोजलं तर कुठलंही ट्रेनिंग यशस्वीच दिसणार.

म्हणून या वेळी मी वेगळं मांडलं. पश्चिम रेल्वेवरच्या सेंटर्सना आधी, मध्य रेल्वेवरच्यांना तीन महिन्यांनी. पाऊस दोघांना सारखाच, गर्दीही साधारण सारखी. पश्चिमेकडे रिजेक्शन उतरलं आणि मध्यवर तसंच राहिलं, तर काहीतरी खरं घडलं असं म्हणता येईल. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर श्रेय हवामानाला द्यायचं. मुलुंडच्या सेंटर इनचार्जना वाटलं आपल्याला डावललं, फोन करून म्हणाल्या, "मॅडम, नेहमी वेस्टर्नवालेच आधी का?" त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. तीन महिन्यांनंतर तुमच्या वाट्याला दुरुस्त केलेलं मॉड्यूल येईल, असं सांगितल्यावर थोड्या शांत झाल्या.

लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या ऑडिटसाठी फाइल्स लागतात, त्या मी ठेवतेच. आयएसओ १५१८९ हे वैद्यकीय लॅबसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक नुसत्या हजेरीवर समाधान मानत नाही, माणसाची कामातली क्षमता तपासा म्हणतं. त्यामुळे गिरगावसारख्या भेटींच्या नोंदी तिथे चक्क कामाला येतात, आणि हे एक कारण दिलं की फिरायला परवानगी पटकन मिळते.

अडलंय ते एका ठिकाणी. त्या पाच गोष्टींपैकी दोन गोष्टींना वेळ लागतो: स्पिरिट वाळू देणं आणि ट्यूब सावकाश उलटसुलट करणं. अपॉइंटमेंट एकाला एक लागून असतील तर उत्तम शिकलेला माणूसही याच दोन गोष्टी गाळणार. मी ऑपरेशन्सला दोन कलेक्शनमधलं अंतर पाच मिनिटांनी वाढवून मागितलं आहे. त्यांचं उत्तर आलंय: कल्पना चांगली आहे, पण हा खर्च ट्रेनिंगच्या बजेटमध्ये कसा दाखवायचा ते कळवा.